ताऱ्यांचा ठावठिकाणा

दक्षिण दिल्लीत, सफदरजंग विमानतळापासून जवळच लक्ष्मीबाई नगर आहे. नाव झाशीच्या राणीचे आणि वस्ती मुख्यतः केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची. कोकणातून बदली होऊन एखादे कुटुंब येथे राहावयास आले आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांपैकी कोणी रात्री गच्चीवर जाऊन आकाशाकडे पाहिले, तर दोन गोष्टी त्याच्या लक्षात येतील. पहिली ही की, येथे तारे फारच थोडे दिसतात. अंधाऱ्या, स्वच्छ जागेवरून नुसत्या डोळ्यांना एका वेळी दोन-अडीच हजार तारे दिसू शकतात. दिल्लीच्या दिव्यांत व धुरकटीत त्यांतले काही डझनच उरतात. दुसरी गोष्ट सहजासहजी ध्यानात येणारी नाही, पण ती अधिक महत्त्वाची आहे. रत्नागिरीस पाहिलेले आकाश येथे थोडेसे कलंडलेले असते.

ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची अंशांत मोजली की पाहणाऱ्याच्या गावाचा अक्षांश जवळजवळ मिळतो. रत्नागिरीस ध्रुव क्षितिजावर सुमारे १७ अंश असतो, तर लक्ष्मीबाई नगरातून तो साडेअठ्ठावीस अंशांवर दिसतो. हात लांब करून धरलेली मूठ आकाशाचा सुमारे दहा अंशांचा भाग झाकते; म्हणजे एका मुठीहून थोडा अधिक एवढा ध्रुव येथे वर चढलेला आहे. उत्तरेस तारे जेवढे वर चढले, तेवढेच ते दक्षिणेस खाली उतरले आहेत. अगस्त्याचा तारा रत्नागिरीस वीस अंशांपर्यंत चढतो, तर दिल्लीस तो कसाबसा नऊ अंशांपर्यंत येतो. नरतुरंग तारकासमूहातील मित्र नावाचा तेजस्वी तारा कोकणच्या किनाऱ्यावरून उन्हाळ्यात दक्षिणेकडे चांगला दिसतो. दिल्लीत तो क्षितिजाला जेमतेम स्पर्श करतो, म्हणजे इमारतींच्या व धुळीच्या आड तो दिसतच नाही असे म्हणण्यास हरकत नाही. सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचे असे जे ताऱ्यांचे कुटुंब, ते या मित्राचेच.

ताऱ्यांची दिशा मोजण्याचे काम माणसाने फार प्राचीन काळापासून केले. लक्ष्मीबाई नगरापासून सहा-सात किलोमीटर उत्तरेस, संसद मार्गावर, या कामाचे एक भव्य स्मारक उभे आहे. आमेरचा राजा सवाई जयसिंह याने १७२४ च्या सुमारास बांधविलेली ही वेधशाळा आज जंतरमंतर या नावाने ओळखली जाते. तेथील सम्राट यंत्र हे वस्तुतः एक प्रचंड सूर्यघटिकायंत्र आहे. त्याची सुमारे वीस मीटर उंचीची तिरपी भिंत पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे. तिच्या उतारावरून नजर वर नेली की ती उत्तर ध्रुवबिंदूकडे जाते. जयसिंहाचे म्हणणे असे होते की, पितळेची लहान यंत्रे झिजतात व हलतात, तेव्हा दगडचुन्याची मोठी यंत्रे बांधावीत. त्याच्या पदरी असलेले जगन्नाथ सम्राट हे मूळचे महाराष्ट्रीय होते असे मानले जाते. युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ त्यांनी अरबी भाषांतरांवरून संस्कृतात आणला. ग्रीकातून अरबीत आणि अरबीतून संस्कृतात आलेले हे ज्ञान दिल्ली-जयपूरच्या दगडी यंत्रांवर तपासले जात होते, ही गोष्ट भाषांतराला दुय्यम काम समजणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

परंतु जंतरमंतरच्या यंत्रांनी तारा कोणत्या दिशेस आहे एवढेच सांगता येई. तो किती दूर आहे हे सांगता येत नसे. हा दोष जयसिंहाचा नव्हता. त्या काळी जगातील कोणत्याही वेधशाळेला ते सांगता आले नव्हते.

दिशेचे हे मोजमापही दिसते तितके स्थिर नाही. ध्रुव म्हणजे अढळ अशी आपली समजूत. प्रत्यक्षात भोवरा मंदावताना त्याची दांडी जशी गोल फिरते, तसा पृथ्वीचा अक्षही फिरत असतो. त्याला एका फेरीस सुमारे २६ हजार वर्षे लागतात. आजचा ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून एक अंशाहूनही कमी अंतरावर आहे. जयसिंहाच्या काळी हे अंतर सुमारे दोन अंश होते. आणखी बारा हजार वर्षांनी अभिजित हा तारा ध्रुवबिंदूच्या आसपास आलेला असेल. या संथ गतीचा उपयोग करून काळ मोजण्याचा एक उत्तम प्रयत्न दापोलीजवळच्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी केला. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा त्यांचा मराठी ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, अशा अर्थाचे एक विधान शतपथ ब्राह्मणात आहे. आज दिल्लीतून पाहिल्यास कृत्तिका नेमक्या पूर्वेस उगवत नाहीत. त्या सुमारे २८ अंश उत्तरेकडे उगवतात. मग त्या बरोबर पूर्वेस केव्हा उगवत होत्या? दीक्षितांनी गणित करून इसवी सनापूर्वी सुमारे तीन हजार वर्षे असे उत्तर काढले. त्या विधानाचा अर्थ कसा लावावा याविषयी विद्वानांत मतभेद आहेत, पण गणिताविषयी नाहीत. पेशाने शिक्षक असलेला आणि अवघे ४५ वर्षांचे आयुष्य लाभलेला हा गृहस्थ एका वाक्यातून आकाशाचे घड्याळ मागे फिरवतो, हे वाचताना आजही कौतुक वाटते.

आता अंतराकडे वळू. डोळ्यासमोर बोट धरून आधी एका डोळ्याने व मग दुसऱ्या डोळ्याने पाहिले, तर बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखे दिसते. बोट जितके दूर, तितके हे सरकणे कमी. ताऱ्यांच्या बाबतीत आपल्या दोन डोळ्यांमधले अंतर पुरत नाही. म्हणून जानेवारीत एकदा व जुलैत एकदा, पृथ्वी सूर्याच्या एका बाजूस असताना व मग दुसऱ्या बाजूस असताना, असे दोनदा पाहावे लागते. दरम्यान पृथ्वी सुमारे ३० कोटी किलोमीटर सरकलेली असते. या भासमान सरकण्याला पराशय म्हणतात. जर्मन ज्योतिर्विद बेसेल याने १८३८ मध्ये हंस तारकासमूहातील एका मंद ताऱ्याचा पराशय प्रथम विश्वसनीय रीतीने मोजला. तो एका विकलेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडा कमी भरला. अडीच सेंटिमीटर व्यासाचे नाणे साडेसोळा किलोमीटरांवरून पाहिले तर ते जेवढे दिसेल, तेवढा हा कोन! दगडी भिंतीवर कोरलेल्या खुणांनी तो कधीच मोजता आला नसता. युरोपीय देशांनी सोडलेल्या ‘गाया’ या उपग्रहाने २०१४ ते २०२५ या काळात निरीक्षणे केली आणि त्यांतून सुमारे दीडशे कोटी ताऱ्यांचे पराशय हाती आले.

प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. वर्षभरात तो जेवढे अंतर कापतो त्याला प्रकाशवर्ष म्हणतात. हे अंतर साडेनऊ लाख कोटी किलोमीटर भरते. असल्या आकड्यांनी मन बधिर होते, म्हणून ते लहान करून पाहणे बरे. सूर्य हा मोहरीचा एक दाणा आहे असे समजू आणि तो दाणा लक्ष्मीबाई नगरातील एका गच्चीच्या मध्यभागी ठेवू. या प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे दहा लाख किलोमीटर होतात. पृथ्वी त्या दाण्यापासून एक वीतभरही नाही, केवळ १५ सेंटिमीटरांवर आहे. पण ती धुळीच्या कणाहून सूक्ष्म असल्याने कोणाला दिसणार नाही. सर्वांत दूरचा ग्रह नेपच्यून साडेचार मीटरांवर येतो. म्हणजे सगळी ग्रहमाला एका गच्चीत मावली. मग पुढचा दाणा कोठे? गच्चीवर नाही, वसाहतीत नाही, दिल्लीतही नाही. मित्र ताऱ्याचा दाणा ठेवण्यासाठी सुमारे ४१ किलोमीटर दूर, हरियाणातील सोहना गावाच्या थोडे पलीकडे जावे लागेल. व्याध त्याच्या दुप्पट अंतरावर येईल. मधल्या सगळ्या प्रदेशात जवळजवळ काहीही नाही. विश्वाविषयी एकच गोष्ट लक्षात ठेवावयाची असेल तर ही रिकामी जागा लक्षात ठेवावी.

अंतर मोठे म्हणजे काळही मोठा. व्याधाचा प्रकाश आपल्यापर्यंत येण्यास साडेआठ वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो, अभिजिताचा २५ वर्षे, रोहिणीचा ६५ वर्षे. ध्रुवताऱ्याचा जो प्रकाश आज लक्ष्मीबाई नगरात पोहोचतो, तो अकबराच्या कारकिर्दीत तेथून निघाला. हुमायूनची कबर बांधून तेव्हा फार वर्षे झालेली नव्हती.

अंतर कळले तरी तारा कशाचा बनला आहे हे कसे कळावे? फ्रेंच तत्त्वचिंतक ऑग्युस्त कोंत याने १८३५ मध्ये असे ठामपणे लिहिले होते की, ताऱ्यांची रासायनिक घडण माणसाला कधीही कळणार नाही. पंचवीस वर्षांतच हे मत खोटे ठरले. सूर्याचा किंवा ताऱ्याचा प्रकाश लोलकातून नेला की रंगांचा पट्टा, म्हणजे वर्णपट, मिळतो आणि त्या पट्ट्यात बारीक रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. त्यामुळे प्रकाश हाती आला की तेथे कोणती द्रव्ये आहेत ते वाचता येते.

या वाचनाच्या इतिहासात महाराष्ट्राच्या किनाऱ्याचेही नाव येते, पण ते जरा जपून घ्यावयास हवे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया विजयदुर्गाच्या परिसरातून दख्खन ओलांडून पूर्व किनाऱ्याकडे गेली. लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्ग किल्ल्यावरून हीलियमचा शोध लावला, असे पुष्कळदा सांगितले जाते. वस्तुस्थिती अशी की, लॉकयर त्या वेळी इंग्लंडातच होता. ग्रहणाचे महत्त्वाचे वेध फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन याने गुंटूर येथे घेतले, आणि लॉकयरने त्याच वर्षी ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, इंग्लंडातून सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. सोडियमच्या रेषांजवळ पण त्यांहून निराळी अशी जी पिवळी रेषा आढळली, ती एका नव्या मूलद्रव्याची निघाली. सूर्यावरून त्याला हीलियम हे नाव पडले. पृथ्वीवर ते पुढे १८९५ मध्ये सापडले. विजयदुर्गाचा मोठेपणा सिद्ध करावयास ही गोष्ट लागत नाही. वर्णपटाचे खरेखुरे काम महाराष्ट्रात झाले ते पुण्यास. तेथील महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा १८८८ मध्ये सुरू झाली. तिचे प्रमुख कावसजी नायगमवाला यांनी २२ जानेवारी १८९८ चे खग्रास ग्रहण सोलापूरकडील जेऊर येथून अभ्यासले. १९१२ मध्ये ती वेधशाळा बंद होऊन तिची मोठी दुर्बीण कोडाईकनालला गेली.

वर्णपटातील रेषा वाचण्याची किल्ली मात्र एका भारतीयाने दिली. मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये असे दाखवून दिले की, रेषा गडद आहे की फिकी हे केवळ द्रव्याच्या प्रमाणावर अवलंबून नसते; तापमान व दाब यांमुळे अणूंतील इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्यानुसार रेषा उमटतात किंवा लोपतात. या समीकरणाचा आधार घेऊन सिसिलिया पेन या तरुण संशोधिकेने १९२५ मध्ये निष्कर्ष काढला की, तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनले आहेत. हे त्या वेळच्या समजुतीच्या इतके विरुद्ध होते की, ज्येष्ठ ज्योतिर्विद रसेल यांच्या सल्ल्यावरून तिला आपल्याच प्रबंधात हा निष्कर्ष बहुधा खरा नसावा असे लिहावे लागले. चार वर्षांनी रसेल स्वतः त्याच निष्कर्षाला आले. पेन बरोबर होती.

ताऱ्याच्या पृष्ठभागाचे तापमान तर नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येते. लोहाराच्या भट्टीत लोखंड प्रथम लाल होते, मग पिवळे, मग पांढरेशुभ्र. मृग नक्षत्रातील काक्षी तांबूस आहे, तिचे तापमान सुमारे साडेतीन हजार अंश. त्याच नक्षत्रातील राजन्य निळसर पांढरा आहे, त्याचे बारा हजार. सूर्य या दोहोंच्या मधला, पाच हजार आठशे अंशांचा. दिल्लीच्या आकाशातही हा रंगभेद स्पष्ट दिसतो. मोहरीच्या हिशेबाने पाहिले तर काक्षी हा निदान मीटरभर व्यासाचा गोळा ठरेल. यावरून ताऱ्यांच्या आकारांत केवढी तफावत असते ते ध्यानात यावे.

तारा प्रकाशतो तो जळून नव्हे. सूर्याच्या गाभ्यात तापमान दीड कोटी अंशांवर असते व तेथे हायड्रोजनची अणुकेंद्रे एकत्र येऊन हीलियम बनते. प्रत्येक सेकंदास सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन असा खर्ची पडतो आणि त्यांतील ४० लाख टन द्रव्याचे ऊर्जेत रूपांतर होते. गुरुत्वाकर्षण ताऱ्याला आत दाबत असते, ही ऊर्जा त्याला बाहेर रेटत असते. दोहोंचा तोल राहील तोवर तारा स्थिर. सूर्याचा तोल ४६० कोटी वर्षे टिकला आहे आणि आणखी सुमारे ५०० कोटी वर्षे टिकेल. जड ताऱ्यांजवळ इंधन अधिक असते, पण ते उधळपट्टी फार करतात. काक्षीचे वय एक कोटी वर्षांच्या आसपास असूनही ती अखेरच्या अवस्थेत आहे. २०१९-२० च्या हिवाळ्यात ती इतकी मंदावली की, तिचा आता स्फोट होणार अशा बातम्या झळकल्या. तिनेच बाहेर टाकलेल्या धुळीमुळे तसे झाले होते असे पुढे निष्पन्न झाले.

तोल ढळल्यावर काय होते, या प्रश्नाशी मुंबई बंदराचा एक संबंध आहे. ३१ जुलै १९३० रोजी एकोणीस वर्षांचा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाला. व्याधाला एक मंद जोडीदार आहे. त्याचे वस्तुमान सूर्याएवढे, पण आकार पृथ्वीएवढा. अशा ताऱ्यांना श्वेत बटू म्हणतात. त्यांतील आगपेटीभर द्रव्याचे वजन कित्येक टन भरेल. बोटीवर गणित करता करता चंद्रशेखरांना आढळले की, श्वेत बटूचे वस्तुमान एका मर्यादेपलीकडे असूच शकत नाही. ती मर्यादा आज सूर्याच्या १.४ पट मानली जाते. याहून जड अवशेष आणखी कोसळत गेला पाहिजे. १९३५ मध्ये लंडनला एडिंग्टन या मान्यवर शास्त्रज्ञाने या निष्कर्षाची भर सभेत थट्टा केली. थट्टा करणाऱ्याचा अधिकार मोठा होता, तर्क नव्हता. कोसळणाऱ्या ताऱ्यांतूनच न्यूट्रॉन तारे व कृष्णविवरे जन्मतात हे पुढे सिद्ध झाले आणि १९८३ मध्ये चंद्रशेखरांना नोबेल पारितोषिक मिळाले.

अशा कोसळण्यात पुष्कळदा ताऱ्याचे बाहेरचे थर प्रचंड स्फोटाने उधळले जातात. वृषभ राशीत १०५४ साली चिनी निरीक्षकांनी पाहिलेला असा अतिनवतारा आज खेकड्याच्या आकाराच्या तेजोमेघाच्या रूपाने उरला आहे. त्याच्या मध्यभागी एक न्यूट्रॉन तारा सेकंदाला सुमारे ३० वेळा गरगरतो. ताऱ्यांच्या पोटात घडलेली कार्बन, ऑक्सिजन, लोह ही द्रव्ये अशाच रीतीने अवकाशात विखुरली, त्यांतून पुढचे तारे व ग्रह झाले. स्वयंपाकघरातील तव्याचे लोखंड आणि तो हाताळणाऱ्याच्या रक्तातील लोह, दोन्ही सूर्याच्या जन्माआधी कोणत्या तरी ताऱ्यात घडलेले आहे. सोन्याचा उगम निदान अंशतः न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत असावा, असे २०१७ मध्ये नोंदल्या गेलेल्या एका टकरीवरून दिसले. तेथून निघालेल्या गुरुत्वीय लहरी १३ कोटी वर्षे प्रवास करून आल्या होत्या. अशा लहरी टिपणारी वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली.

सूर्यासारखे किमान दहा हजार कोटी तारे मिळून आपली दीर्घिका, म्हणजे आकाशगंगा, बनली आहे. तिचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षे. मोहरीच्या प्रमाणातही ती साडेनऊ लाख किलोमीटर पसरेल, म्हणजे पृथ्वी-चंद्र अंतराच्या अडीच पट. सूर्य तिच्या मध्याजवळ नाही व कडेलाही नाही. मध्यापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर राहून तो सेकंदाला दोनशेहून अधिक किलोमीटर वेगाने फिरतो, तरीही एक प्रदक्षिणा पुरी करावयास त्याला बावीस-तेवीस कोटी वर्षे लागतात.

देवयानी तारकासमूहातील धूसर ठिपका आपल्या आकाशगंगेतलाच, की बाहेरचा, हा वाद १९२० च्या सुमारास जोरात होता. काही तारे ठरावीक काळाने मंद-तेजस्वी होतात, आणि हा काळ जितका मोठा तितका तारा मुळात अधिक तेजस्वी, असा नियम हेन्रिएटा लेव्हिट या अमेरिकन संशोधिकेने शोधला होता. हबलने १९२३ मध्ये देवयानीत असा तारा पाहिला, अंतर काढले आणि वाद संपला. देवयानी ही स्वतंत्र दीर्घिका आहे; आजच्या मोजणीनुसार २५ लाख प्रकाशवर्षे दूर. दीर्घिका एकमेकींपासून दूर जात आहेत, त्यावरून विश्वाचे वय १,३८० कोटी वर्षे येते. जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉईल यांच्यासह विश्वाला आरंभ नाही असे मानणारा निराळा सिद्धांत अनेक वर्षे मांडला. बहुतेक शास्त्रज्ञांना तो पटला नाही. परंतु पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेची १९८८ पासून त्यांनी जी उभारणी केली, तिच्याविषयी मतभेद नाहीत. याच संस्थेतील व पुण्याच्याच ‘आयसर’ या संस्थेतील संशोधकांनी २०१७ मध्ये दीर्घिकासमूहांचा एक अतिविशाल पुंज शोधल्याचे जाहीर केले. तो सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे व ६० कोटी प्रकाशवर्षे पसरलेला आहे. त्याला नाव दिले सरस्वती. नारायणगावजवळ खोडद परिसरात पसरलेल्या ४५ मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणींतून असे दूरचे प्रदेश आजही न्याहाळले जातात.

गच्चीवरून दिसणारे सगळे तारे आपल्याच दीर्घिकेतले, त्यांतही बहुतेक अगदी शेजारचे. अगस्त्य पाहावयाचा असेल, तर फेब्रुवारीच्या मध्यास, पाऊस पडून हवा निवळलेल्या एखाद्या रात्री, नऊच्या सुमारास दक्षिणेकडे मोकळी दिशा असलेली जागा शोधावी. आधी व्याध ओळखावा आणि तेथून नजर जवळजवळ सरळ खाली, क्षितिजाच्या मूठभर वर न्यावी. अगस्त्य सुमारे ३१० प्रकाशवर्षे दूर आहे. जो प्रकाश दिसेल तो निघाला तेव्हा सवाई जयसिंह हयात होता.